ब्लॅकटेलच्या रानात चालायचं कमी, थांबायचं जास्त

प्रश्न थोडक्यात असा: मुक्काम पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरोमध्ये. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालेला, हातात .३०८ रायफल, खिशात पश्चिम ऑरेगॉनचा डिअर टॅग, म्हणजे हरीण मारण्याचा परवाना. ऑक्टोबरचे तीन शनिवार कोस्ट रेंजच्या, म्हणजे समुद्राकडच्या डोंगररांगेच्या, रानात दहा-दहा किलोमीटर पायपीट झाली आणि दिसलं काय, तर दोनदा ब्लॅकटेल हरणाची पळती काळी शेपटी. चुकतंय कुठे? आणि शिकार झालीच, तर त्या दाटीत पुढे काय करायचं?

चुकतंय ते त्या दहा किलोमीटरांतच. दाट रानात एवढं चालणारा माणूस हरणं शोधत नसतो, उठवत असतो. दोन शेपट्या दिसल्या म्हणजे वाटेत दोनच हरणं होती असं समजू नका. बाकीची तुम्ही तीस-चाळीस मीटरवरून पुढे जाईपर्यंत जागची हलली नाहीत, एवढंच. ब्लॅकटेल ही म्यूल डिअरचीच उपजात, पण दोघांच्या सवयी वेगळ्या. मोकळ्या डोंगरउतारावरचा म्यूल डिअर लांबून पाहतो आणि लांब पळतो. कॅस्केड्स डोंगररांगेच्या पश्चिमेला, उत्तर कॅलिफोर्नियापासून ब्रिटिश कोलंबियापर्यंतच्या ओल्या रानात वाढलेला ब्लॅकटेल आधी थिजतो, मग मान खाली घालून आडोशाआडून सरकतो, आणि अगदीच अंगावर आल्याशिवाय उडी मारत नाही. आपल्याकडच्या जनावरांत बघायचं तर हा चितळासारखा कळपाने उघड्यावर येणारा नाही. जाळीला धरून एकटा-दुकटा राहणाऱ्या भेकराच्या जवळचा आहे. त्याचा वर्षभराचा वावरही बहुतेक वेळा एक-दोन चौरस किलोमीटरांतच असतो. (उंच कॅस्केड्समधली हरणं बर्फ पडल्यावर खाली उतरतात, तो प्रकार वेगळा.) म्हणून नवं रान हुडकत फिरण्यापेक्षा एकच तुकडा पाठ करणं जास्त फायद्याचं.

तुकडा केवढा? चाळीस-पन्नास हेक्टर पुरे. तो निवडताना नकाशावर तोडीचं वय बघा. कोस्ट रेंजमध्ये डग्लस फर सरसकट तोडून पुन्हा लावतात. तोडीनंतर साधारण तिसऱ्या ते दहाव्या वर्षापर्यंत जमिनीवर ऊन पडतं आणि रानटी ब्लॅकबेरी, सॅमनबेरी, फायरवीड, हकलबेरी असा चारा माजतो. पुढे बारा-पंधरा वर्षांची झाडं एकमेकांना भिडली की खाली अंधार होतो आणि चारा संपतो. अशा दाटीत हरीण खायला जात नाही, बसायला जातं. हवं ते या दोन्हींच्या शिवेवर: एका अंगाला पाच-सात वर्षांची तोड, दुसऱ्या अंगाला पंधरा-वीस वर्षांची दाटी, आणि मधून ओल्डर किंवा व्हाइन मेपल झाडांची एखादी घळ उतरलेली. त्यात डोंगराच्या सोंडेवर वरून एक तृतीयांश अंतरावर सपाट पायरीसारखी जागा असेल तर तिथे खूण करून ठेवा. नर पाठीला वारा घेऊन आणि तोंड उताराकडे करून अशाच पायरीवर बसतो. मागचं नाकाने कळतं, पुढचं डोळ्यांनी.

टिलामूक स्टेट फॉरेस्टमध्ये असे तुकडे बरेच आहेत आणि जमीन सार्वजनिक आहे. लाकूड कंपन्यांच्या खासगी रानांत चारा अनेकदा सरस असतो, पण काही कंपन्या प्रवेशासाठी विकतचं परमिट मागतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर कोरडा गेला तर वणव्याच्या भीतीने फाटकं बंद ठेवतात. घरून निघण्याआधी ते तपासा. फाटक बंद पण पायी जायला मुभा, अशी जागा मिळाली तर सोडू नका. गाडीतून उतरायला नको असणारे सगळे तिथेच गळतात.

आता खुणा. ब्लॅकटेलचा खूर पाच ते साडेसात सेंटीमीटर लांब असतो. दहाच्या वर माप गेलं तर तो एल्क, हरणांतली मोठी जात. लेंडी ताजी असेल तर चकचकीत ओली दिसते, पण पावसात जुनीही चकाकते. म्हणून काडीने फोडून बघा, आतून हिरवट आणि मऊ असेल तर आजची. बसलेली जागा म्हणजे नेच्यांत किंवा पानगळीत दाबलेला, साधारण दोन हात लांबीचा अंडाकृती खळगा. एक मोठा खळगा एकटाच असेल तर नराची शक्यता; दोन-तीन लहानमोठे जवळजवळ असतील तर मादी आणि पाडसं. नर ओल्डर, विलो आणि कोवळ्या सीडरच्या खोडावर शिंगं घासून साल काढतो. ताज्या घासणीचं लाकूड ओलसर, पिवळट किंवा नारिंगी दिसतं आणि सालीच्या धाग्यांना अजून वास असतो. घासणी खोडाच्या ज्या अंगाला, त्या अंगाने नर आला. अशा तीन-चार घासण्या एका रेषेत सापडल्या की त्याची वाट कळली. व्हाइटटेलच्या (पांढऱ्या शेपटीच्या, वेगळ्या जातीच्या हरणाच्या) शिकाऱ्यांचं ऐकून जमीन उकरलेल्या खुणा शोधत बसू नका, ब्लॅकटेल तसं फार कमी करतो.

हंगामात कधी जावं, याला माझ्या मते दोनच उत्तरं आहेत: पावसात, आणि शेवटी. पश्चिम ऑरेगॉनचा सर्वसाधारण रायफल हंगाम ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या सुमारास उघडतो आणि कोस्टकडच्या भागात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास संपतो. कॅस्केड्सकडे मध्ये एल्कच्या हंगामासाठी खंड असतो. तारखा दर वर्षी सरकतात, त्यामुळे वन्यजीव खात्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका बघाच. सुरुवातीच्या कोरड्या दिवसांत मेपलची वाळलेली पानं पापडासारखी वाजतात, आणि नर रात्रीच फिरतात. तुमचे तीन शनिवार बहुधा तसेच गेले. पहिला दमदार पाऊस पडून पानं भिजली की पायाचा आवाज मरतो, वासही जमिनीलगत दबतो आणि हरणं दिवसा उठायला लागतात. त्यातही सोन्यासारखी वेळ म्हणजे रात्रभर झोडपून पाऊस ओसरल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास. रात्रभर दाटीत अंग चोरून बसलेली हरणं एकदम चरायला निघतात. संततधार भुरभूर चालू असेल तरी जा. सोसाट्याचा वारा असेल तर मात्र घरी बसा. एक तर हरणाला काही ऐकू येत नसल्याने ते हलत नाही, दुसरं म्हणजे वाळक्या फांद्या वरून भाल्यासारख्या पडतात.

माजाचा जोर साधारण नोव्हेंबरच्या मध्याला असतो, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासूनच नर माद्यांच्या मागावर भटकू लागतात. चार रजा शिल्लक असतील तर चारही हंगामाच्या शेवटच्या आठवड्यासाठी ठेवा. त्या दिवसांत सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळही वाया जात नाही. बाकीचे शिकारी तेव्हा गाडीत जेवत असतात.

वाऱ्याशिवाय बाकी सगळं फुकट आहे. उघडीप असेल तर सकाळी ऊन तापू लागल्यावर हवा उताराने वर चढते आणि संध्याकाळी गारवा आला की घळीतून खाली वाहते. म्हणून सकाळी उन्हं वर आल्यावर सोंडेवरून खाली बघत काम करायचं, संध्याकाळी खालून वर. ढगाळ पावसाळी दिवशी हे चढ-उतार मंदावतात आणि वादळाचा नैर्ऋत्य वाराच खरा चालतो. वादळ सरलं की तो वायव्येकडे फिरतो. घळीत वारा भोवऱ्यासारखा फिरत असतो, तिथे कुठल्याच हिशेबाचा उपयोग नाही, तिथे शिरूच नये. वारा पाहायला कॉर्नफ्लॉवरची बाटली चालते, पण ओल्या हवेत तिचा गोळा होतो. त्याच रानात फायरवीडच्या शेंगा शरद ऋतूत उलून रेशमासारखं म्हातारीचं पीस देतात. मूठभर डबीत भरून ठेवा. एक पीस सोडलं की वीस मीटरपर्यंत हवा कुठे वळते ते डोळ्यांना दिसतं.

आता चालणं. दोन किंवा तीन पावलं, मग थांबा. किती? चाऱ्याच्या जागेत मिनिटभर, बसायच्या जागेजवळ तीन ते पाच मिनिटं. तासाला शंभर-दोनशे मीटर झाले तर वेग बरोबर आहे. घड्याळ लावून एकदा करून बघा. पहिल्या अर्ध्या तासात जीव कंटाळतो, आणि बहुतेकांची शिकार तिथेच हुकते. पाऊल टाकताना तळव्याची बाहेरची कड आधी टेकवा, खाली काडी लागते का ते अंदाजा, मग भार द्या. पुढचं पाऊल कुठे पडणार हे थांबलेलं असताना ठरवायचं, म्हणजे चालताना नजर वर राहते. थांबायचं ते खोडाच्या आडाला, मोकळ्या जागेत नाही. काडी मोडलीच तर पाच मिनिटं पुतळा व्हा. रानात काड्या हरणंही मोडतात, अस्वलंही मोडतात. हरीण बुजतं ते माणसाच्या चालीच्या ठेक्याला. एकसारखं टप-टप-टप रानात दुसरं कुणी चालत नाही.

थांबल्यावर काय बघायचं? हरीण शोधू नका, अख्खं हरीण तिथे दिसत नाही. उभ्या खोडांच्या रानात एखादी आडवी रेघ बघा, ती पाठ असते. नेच्यांखाली चार काटक्यांपैकी एकीला गुडघा आहे का ते बघा. ओल्या पाल्यात कोरडी, राखाडी-तपकिरी मळकट जागा, कानाच्या आतली फिकट कड, एका बाजूला हललेलं पान. प्रत्येक थांब्यावर एकदा गुडघ्यावर बसून बघायची सवय लावा. फांद्यांचा पडदा माणसाच्या छातीपासून वर दाट असतो. खाली, हरणाच्या उंचीवर, बऱ्याचदा चाळीस मीटर मोकळं दिसतं. पाऊलभर सरकलं की नव्या फटी उघडतात आणि जुन्या मिटतात, म्हणून दोनच पावलांनंतर पुन्हा सगळं नव्याने बघायचं.

एवढ्या जवळ दुर्बीण कशाला, असं सगळेच विचारतात. दुर्बीण लांबचं दिसावं म्हणून लागत नाही. तिचा फोकस पन्नास मीटरवर धरला की पुढच्या फांद्या विरघळून जातात आणि मागचं उघडं पडतं. फोकस हळूहळू आत-बाहेर करत झुडपाचा एकेक थर सोलत जायचं. ८×३२ किंवा ८×४२ पुरते, दहापट नको. हात थरथरतो आणि दृश्य अरुंद होतं. रायफलच्या टेलिस्कोपने मात्र कधीही शोध घेऊ नका. ऑक्टोबरात त्याच रानात शँटरेल आळंबी गोळा करणारी माणसं वाकून फिरत असतात. तपकिरी जॅकेटमधला वाकलेला माणूस आणि हरणाची पाठ यांत पहाटेच्या उजेडात फार फरक नसतो, आणि टेलिस्कोपमधून बघणं म्हणजे त्याच्यावर बंदूक रोखणं. ऑरेगॉनमध्ये प्रौढांना नारिंगी जॅकेटची सक्ती नाही, तरी घालाच. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात रायफल हंगामात कमरेच्या वर ४०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा सक्तीचा आहे. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही. त्याला दिसते ती हालचाल.

पाय अजिबात राहत नसतील तर बसून करा. दोन पायवाटा मिळतात तिथून चाळीस मीटर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, झाडाला पाठ लावून तीन तास. ऑक्टोबरच्या शेवटी शिंगांच्या जोडीचा खडखडाट करून नर बोलावता येतो: मिनिट-दीड मिनिट घासाघीस, मग अर्धा तास शांत. चूक इथे होते की दहा मिनिटांत काही आलं नाही म्हणून लोक उठतात. ब्लॅकटेल धावत येत नाही. तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूने, आवाज न करता येतो आणि झाडाआड उभा राहून बघतो. त्यामुळे तुमच्या वाऱ्याच्या खालच्या बाजूला पंचवीस-तीस मीटर तरी उघडं दिसेल अशीच बैठक निवडा.

रायफल .३०८ उत्तम. १५० ग्रेनची साधी प्रसरण पावणारी गोळी पुरते. नेम १०० यार्डांवर जुळवा. इथले बहुतेक बार वीस ते ऐंशी मीटरांतच पडतात. टेलिस्कोप सगळ्यात कमी पटीवर ठेवूनच चाला. नऊपट ठेवला तर तीस मीटरवर केसांखेरीज काही दिसणार नाही, आणि ते केस हरणाचे कुठले हे कळणार नाही. सराव बाकावरून नको. उभ्याने, ५० मीटरवर, सहा इंची कागदी बशी. दहांपैकी नऊ गोळ्या बशीत जाईपर्यंत रानात जायची घाई नको.

झुडपातून गोळी घुसवणारं जड काडतूस मिळतं, ही समजूत सोडून द्या. कुठलीही गोळी काडीला लागली की वाकडी जाऊ शकते. काडी हरणाच्या अगदी पुढ्यात असेल तर तेवढ्या अंतरात गोळी फारशी सरकत नाही. काडी तुमच्या नळीपासून पाच मीटरवर असेल तर तोच लहानसा कोन हरणापर्यंत पोचेतो मोठा होतो. दुसरी गंमत जवळची आहे. टेलिस्कोप नळीच्या साधारण दीड इंच वर बसतो. ओंडक्यावर टेकून नेम धरलात तर काचेतून रस्ता मोकळा दिसतो, पण नळीचं तोंड ओंडक्याच्या सालीकडे बघत असतं. बार काढण्याआधी एकदा काचेवरून डोळा उचलून नळीपुढचं बघा. नळीच्या तोंडावर विजेच्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावला की पाणी आणि फरच्या सुया आत जात नाहीत. त्यातून बार बेलाशक काढता येतो. काचेला झाकण हवं, आणि टोपीखाली एक कोरडा सुती रुमाल. रात्री रायफल, रिकामी करून आणि कुलपात, गारव्यातच ठेवा. उबदार तंबूत आणली की काचेवर दव धरतं.

बार कुठे? आडवं उभं असेल तर पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या एक तृतीयांशावर. फुप्फुसं तिथे आहेत. पण ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या चहूबाजूंनी असतील आणि अंतर तीस-चाळीस मीटर असेल, तर खांद्याच्या हाडातून मारण्याला माझं मत आहे. किलो-दीड किलो मटण खराब होतं, पण जनावर बहुतेक वेळा जागेवर पडतं. फुप्फुसातून गोळी गेलेलं हरीण साठ-सत्तर मीटर पळू शकतं, आणि त्या रानात साठ मीटर म्हणजे दुसरा तालुका. समोरून छाती किंवा मागून पार्श्वभाग, हे दोन्ही बार सोडून द्यायचे.

आणि नर कुठल्या जातीचा ते आधी पाहा. ऑरेगॉनच्या पश्चिम भागात, रोझबर्गच्या परिसरात आणि कोलंबिया नदीच्या खालच्या खोऱ्यात, कोलंबियन व्हाइटटेल आहे, आणि तुमचा सर्वसाधारण टॅग त्याला चालत नाही. त्याची शेपटी रुंद, वरून तपकिरी, पळताना पांढऱ्या झेंड्यासारखी उभी. शिंगाचा मुख्य दांडा एकच आणि त्यावर टोकं उभी. ब्लॅकटेलची शेपटी वरून काळी, शिंगाला बेचकं आणि मोठ्या नरात बेचक्याला पुन्हा बेचकं.

बार झाल्यावर हलू नका. पुन्हा काडतूस भरा, हरीण उभं होतं ती जागा एखाद्या खुणेला बांधून घ्या: कुठलं खोड, कुठला बुंधा. दहा पावलं पुढे गेलात की सगळं रान सारखं दिसायला लागतं. तुम्ही उभे आहात तिथे रंगीत फीत बांधा, कंपासवर दिशा बघा, पळालेलं शेवटचं कुठे दिसलं तेही धरून ठेवा. मग हरणाच्या जागी जाऊन दुसरी फीत. तिथे केस, रक्त, हाडाचा चुरा बघा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत. हिरवट, आंबूस वासाचं म्हणजे पोट.

एरवी अर्धा तास थांबावं असा सल्ला असतो. कोस्ट रेंजच्या पावसात तो जसाच्या तसा चालत नाही, कारण तोवर माग धुऊन जातो. पाऊस जोरात असेल आणि रक्त फेसाळ असेल तर दहा-पंधरा मिनिटांत, पण पुन्हा त्याच दोन पावलांच्या चालीने निघा. पोटाचा बार असेल तर पाऊस असो वा नसो, चार-सहा तास दम धरा. लगेच मागे लागलात तर ते उठतं आणि पुढची बसण्याची जागा तुम्हाला सापडत नाही. त्यासाठी उजेड शिल्लक राहील अशा वेळीच बार काढायला हवा, ही खरी गोम आहे. माग काढताना रक्त जमिनीपेक्षा नेच्यांच्या पानांखाली आणि खोडाच्या बाजूला शोधा, वरचं पावसाने गेलेलं असतं. दर थेंबावर टॉयलेट पेपरचा कपटा टाकत जा. मागे वळून बघितलं की कपट्यांची रेघ पुढची दिशा सांगते. रक्त तुटलं तर शेवटच्या कपट्यापासून वाढत जाणारी वर्तुळं घाला, आणि आधी उताराच्या खालची, ओढ्याकडची बाजू.

हरीण मिळाल्यावर मागून जा, काडीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही तर मेलं. आधी टॅग, मग सुरी. इलेक्ट्रॉनिक टॅग घेतला असेल तर वन्यजीव खात्याच्या ॲपमध्ये जागेवरच नोंद करायची असते. त्याला रेंज लागत नाही, पण घरून लॉग-इन केलेलं असावं लागतं आणि फोन कोरडा आणि चार्ज असावा लागतो. नर असल्याचा पुरावा तुकडे करतानाही राखावा लागतो. पुस्तिकेत कुठला अवयव कशाला जोडलेला हवा ते दिलंय, त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

सोलण्याच्या तपशिलात दोनच गोष्टी जपा. मागच्या पायांच्या आतल्या बाजूला, ढोपराशी, काळपट तेलकट केसांची ग्रंथी असते. माजात तिला उग्र वास येतो. तिला हात लावू नका, लागला तर हात आणि सुरी पुसल्याशिवाय मटणाला हात नको. दुसरं, पोट चिरताना पातं वर करून, त्याच्या दोन्ही अंगांना बोटं ठेवून कातडी उचलत जा, म्हणजे कोथळा फुटत नाही. गुदद्वाराभोवती गोल कापून मोकळं करा, मूत्राशय चिमटीत धरून काढा, पडदा कापा, श्वासनळी जमेल तेवढी वर तोडा आणि सगळं एका ओढीत बाहेर. गाडी दूर असेल तर पोट न उघडता, बाहेरून चार तंगड्या, पाठीचे पट्टे आणि मानेचं मटण काढून घेणं दाट रानात जास्त सोपं. पोटाच्या आतल्या अंगाचे दोन नाजूक पट्टे मागाहून शेवटच्या बरगडीमागे चीर देऊन काढता येतात, ते विसरू नका. पासष्ट किलोच्या नरापासून हाडाविना वीस ते पंचवीस किलो मटण निघतं. दोन खेपांचं ओझं. पाठीवर नेताना पिशव्यांवर नारिंगी कपडा बांधा.

कोस्ट रेंजचा गारवा फसवा असतो. बारा अंश सेल्सियस आपल्याला थंडी वाटते, मटणाला ती उष्णताच. पाण्याने धुऊ नका, ओलं मटण चिकट होतं. कोरड्या कपड्याने पुसा, सुती जाळीदार पिशव्यांत घाला, सावलीत वारा लागेल असं टांगा आणि त्याच दिवशी थंड करा. एक ते चार अंशांत राहणारा फ्रीज असेल तर पाच-सहा दिवस मुरवा. नसेल तर मुरवण्याचा हट्ट नको. काही हरणांची मानेवरची आणि कुशीवरची लव झडलेली दिसते. तो परदेशी उवांचा उपद्रव, मटणाला त्याने बाधा येत नाही. पांढरी चरबी मात्र निर्दयपणे काढून टाका. ती बोकडाच्या चरबीसारखी सुटत नाही, टाळूला मेणासारखी चिकटते. नळ्या आणि मान कुकरमध्ये रश्श्याला छान होतात, मटणापेक्षा दोन शिट्ट्या जास्त. खिमा आतून ७१ अंशांपर्यंत शिजवा. पाठीचे पट्टे कुकरमध्ये घालाल तर चामडं होईल, ते तव्यावरच.

कपड्यांबद्दल थोडं. जीन्स आणि सुती बनियन घालून त्या रानात शिरू नका. पाऊस नसला तरी नेचे कमरेपर्यंत भिजवतात, आणि दहा अंशांत ओला माणूस गारठून बधिर व्हायला फार वेळ लागत नाही. आतून लोकर, बाहेरून लोकर किंवा फ्लीस. नायलॉनचा रेनकोट काट्याला घासला की कापड फाडल्यासारखा वाजतो, तो पाठीवरच्या पिशवीत. नकाशा फोनमध्ये उतरवून घेतलेला हवा, आणि त्याला बॅटरी लागत नाही असा कंपासही. खडीच्या रस्त्यांवर लाकडाचे ट्रक वळणावर थांबू शकत नाहीत: दिवे लावून, उजव्या कडेने, हळू.

आपल्याकडच्या मंडळींसाठी एक कायद्याची बाब, कारण ती चुकली तर हरणापेक्षा महाग पडते. तुम्ही एच-१बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे. अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं, मुदतीत असलेलं शिकार लायसन्स हा त्यातला अपवाद. लायसन्सची मुदत संपली आणि रायफल कपाटात राहिली, तर अपवादही संपला. ग्रीन कार्डवाल्यांना हे कलम लागत नाही. वॉशिंग्टन राज्याचे परदेशी नागरिकांसाठी बंदुकीचे आणखी वेगळे नियम आहेत, तेव्हा कोलंबिया नदी ओलांडून तिकडे जाण्याआधी वकिलाला विचारा, दुकानदाराला नाही. टॅग हंगाम उघडण्याच्या आदल्या दिवसापर्यंतच विकत मिळतो, हेही पुढच्या वर्षासाठी लक्षात असू द्या.

शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. आदल्या दिवशीची वेळ डोक्यात ठेवून निघालात तर गोंधळ होतो. दाट झाडीखाली कायद्याची वेळ संपण्याआधीच वीस मिनिटं अंधार असतो. टेलिस्कोपमध्ये शिंगं स्पष्ट दिसेनाशी झाली की रिकामी करा. शिकार होवो न होवो, घेतलेल्या टॅगचा अहवाल ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन भरायचा असतो. दोन मिनिटांचं काम आहे, आणि विसरलात तर पुढे लायसन्स घेताना २५ डॉलर जास्त जातात.